बर्फातला ताप

बर्फ म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो रंगीत सरबतात बुडवलेला गोळा, नाहीतर लग्नघरी मठ्ठ्याच्या पिंपात तरंगणारी लादी. आभाळातून पडणारे हिम आपण पाहतो ते चित्रात, सिनेमात, किंवा फार तर सुट्टीतल्या सहलीत. त्यामुळे ज्या मुलखात वर्षाचे चार-पाच महिने दार उघडले की समोर पांढरी भिंत उभी असते, रस्ता कोठे आणि शेत कोठे ते कळत नाही, तेथल्या माणसांची अडचण आपल्या नीटशी ध्यानात येत नाही. त्या अडचणीतून त्यांनी एक वाहन निर्माण केले. पुढे दोन घसरपट्ट्या, म्हणजे स्की, मागे फिरणारा रबराचा रुंद पट्टा, आणि मध्ये धडधडणारे इंजिन. इंग्रजीत त्याला स्नोमोबाइल म्हणतात; मी आपले सरळ बर्फगाडी म्हणणार आहे.

या बर्फगाडीच्या इतिहासात एक मोठी मौज आहे. कोणालाही वाटेल की बर्फावर चालणाऱ्या यंत्राचा खरा वैरी म्हणजे थंडी. पण कागदपत्रे चाळू लागले की निराळेच दिसते. बर्फात नेलेली यंत्रे थंडीने अडली हे खरे, पण कित्येकदा ती मेली उष्णतेने. भोवताली शून्याखालचे वारे सुटलेले, आणि त्या वाऱ्यात मधोमध इंजिन तापाने फणफणलेले! त्या तापावर उतारा शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. आणि आजही अमेरिकेतला आणि कॅनडातला एखादा हौशी गृहस्थ आपल्या घरामागच्या खोपटात बसून गाडीला जाळीचे बॉनेट करतो, तेव्हा तो याच जुन्या दुखण्यावर घरगुती औषध देत असतो.

पहिला प्रवेश दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचा. ध्रुवाकडे निघालेल्या कॅप्टन स्कॉटची कथा आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. अमुंडसेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोचला, आणि परतताना तो व त्याचे चारही सोबती मरण पावले, एवढे आपण वाचलेले असते. स्कॉटने आपल्याबरोबर तीन मोटारस्लेज नेल्या होत्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. बर्मिंगहॅमच्या वूल्झली कंपनीने बांधलेल्या या गाड्यांना चाके नव्हती, साखळीचे पट्टे होते. पुढे महायुद्धात रणगाडे आले तेही अशाच पट्ट्यांवर. गाड्यांची आखणी करण्यात रेजिनल्ड स्केल्टन नावाच्या आरमारी इंजिनियराचा मोठा वाटा होता. परंतु हुद्द्याच्या मानापमानाचा प्रश्न निघाला आणि ज्याला त्या यंत्राची नस ठाऊक होती त्यालाच मागे ठेवून मोहीम निघाली. हुद्द्याची ही भानगड आपल्याला परकी वाटू नये.

तीनपैकी एक गाडी ८ जानेवारी १९११ रोजी जहाजातून उतरवतानाच ठिसूळ बर्फ फोडून समुद्राच्या तळाशी गेली. उरलेल्या दोन गाड्या २४ ऑक्टोबरला सामान ओढत दक्षिणेकडे निघाल्या. त्यांना वळवण्याची सोयच नव्हती. एक माणूस पुढे दोर ओढत चाले आणि गाडी त्याच्यामागून येई. आणि मग सुरू झाला तो खेळ वाचताना हसावे की रडावे कळत नाही. इंजिन हवेवर थंड होणारे होते. थोडे अंतर गेले की सिलिंडर असे तापत की थांबण्यावाचून गत्यंतर नसे. इंजिन निवेपर्यंत थांबावे, तो तेवढ्या वेळात कार्बुरेटर गारठून जाई, आणि पेट्रोलची वाफ होईना. मग त्याला दिव्याच्या ज्योतीने ऊब द्यायची. एकाच यंत्राचे एक अंग भाजते आहे आणि दुसरे गोठते आहे! शेवटी आतले दांडे तुटले, आणि निघाल्यापासून आठ-नऊ दिवसांत दोन्ही गाड्या बर्फात सोडून द्याव्या लागल्या. गाडीबरोबर असलेल्या चार माणसांनी, म्हणजे टेडी इव्हान्स, डे, लॅशली आणि हूपर यांनी, पट्टे खांद्यांना बांधून ते सामान पुढे ओढत नेले.

मोटारी चालल्या असत्या तर स्कॉट वाचला असता, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या मरणाची कारणे पुष्कळ होती आणि त्यांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला एवढेच दिसते की जगातल्या सर्वांत थंड मुलखात माणसाने इंजिन नेले आणि ते तापून बंद पडले. इंजिनाच्या पोटात स्फोट होतात, त्यांतली थोडीच शक्ती कामी येते आणि बाकीची उष्णता होऊन बाहेर पडू पाहते. तिला वाट दिली नाही तर बाहेर हिमालय असला तरी उपयोग नाही. मोटारगाडी रस्त्यावरून वेगाने धावते तेव्हा समोरचा वारा ही उष्णता घेऊन जातो. बर्फातले यंत्र मात्र गाडाभर ओझे घेऊन माणसाच्या चालीने सरपटते. शक्ती पुरी लागते आणि वारा मुळीच मिळत नाही.

पुढचा प्रवेश अमेरिकेत. न्यू हॅम्पशायरमधल्या व्हर्जिल व्हाइट नावाच्या माणसाने फोर्डच्या मोटारीला पुढे स्की आणि मागे पट्टे लावण्याचे साहित्य विकायला काढले. पण ती शेवटी मोटारच. अंगणात उभी राहील, एकटा माणूस वापरील अशी सुटसुटीत बर्फगाडी प्रथम केली ती विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने, १९२४ साली. हा गावातला दुकानदार. पायाने अधू असल्यामुळे शिकारीला जाणाऱ्या मित्रांच्या बरोबरीने त्याला बर्फात चालवत नसे. दुकानामागच्या लहानशा गॅरेजात बसून त्याने लाकडी घसरगाडीला अडीच अश्वशक्तीचे जॉन्सन इंजिन बसवले. सायकलचे भाग घेतले, स्की घेतल्या, त्या वळवायला दोऱ्या बांधल्या.

आता पाहा, ते इंजिन मूळचे होडीचे. होडीचे इंजिन तळ्याचेच पाणी खेचते आणि त्यावर आपले अंग थंड ठेवते. जमिनीवर तळे कोठून आणायचे? एलियासनने फोर्डच्या जुन्या मोटारीचा रेडिएटर घेतला, त्याचा अर्धा भाग कापला आणि तो आपल्या घसरगाडीवर चढवला. मला या माणसाचे फार कौतुक वाटते. अर्धा रेडिएटर! ज्याला आपल्या गरजेचे माप ठाऊक आहे तोच असे करील. १९२७ साली त्याला पेटंट मिळाले. त्याने त्या गाड्या मोजक्याच केल्या, पण पुढे फिनलंडातून दोनशे गाड्यांची मागणी आली तेव्हा ती त्याच्या आवाक्यातली नव्हती, आणि त्याने आपला हक्क एका मोटारकंपनीला विकला.

मात्र बर्फगाडीचा खरा इतिहास घडला तो कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर नावाच्या खेड्यात. त्या इतिहासाच्या नायकाचे नाव जोझेफ आर्मां बोंबार्दिए. जन्म १६ एप्रिल १९०७. घरात आठ भावंडे, हा सर्वांत थोरला. लहानपणापासून घड्याळे उघड, इंजिनाची खेळणी कर, असला उद्योग. बापाच्या मनात पोराने धर्मगुरू व्हावे असे होते आणि त्यासाठी शेरब्रुकच्या धर्मशाळेत त्याला घातलेही होते. पोराचे लक्ष नाताळच्या सुट्टीकडे. बापाने त्याला एक मोडकी फोर्ड दिली होती, बहुधा घरातली चालू यंत्रे तरी शाबूत राहावीत म्हणून. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा भाऊ लेओपोल्द एक विलक्षण वाहन घेऊन गावातून निघाले. एकापुढे एक जोडलेल्या दोन स्लेज, मागे फोर्डचे इंजिन, आणि इंजिनाला विमानासारखा लाकडी पंखा. लेओपोल्द पुढे बसून पायांनी स्लेज वळवत होता. गावकरी पळाले, कुत्री भुंकली असतील, आणि ते धूड जवळजवळ किलोमीटरभर धावले. घरी आल्यावर बापाने ते ताबडतोब सोडून टाकायला लावले. त्या बापाला दोष देणे मला जमत नाही. उघडा फिरणारा पंखा आणि समोर गावातली पोरे. कोणत्याही बापाच्या पोटात गोळाच उठला असता.

पोर धर्मगुरू झाले नाही. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने व्हालकूरला मोटारदुरुस्तीचे गॅरेज घातले आणि बापाकडून घेतलेले कर्ज तीन वर्षांत फेडले. १९२९ साली इव्हॉन लाब्रेकशी त्याचे लग्न झाले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या, हिवाळ्यात बर्फगाडीचे प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम. हिवाळ्यात त्याला सवड असे, कारण त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते बर्फातून मोकळे करण्याची पद्धतच नव्हती. हिम पडू लागले की लोक मोटारी लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवून ठेवीत, आणि वसंत येईपर्यंत घोडा व स्लेज हाच आधार.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉं पोटात कळा येऊन आजारी पडला. आंत्रपुच्छ सुजले होते. ऑपरेशन केले तर मूल वाचणार, आणि इस्पितळ शेरब्रुकला, पन्नासेक किलोमीटरांवर. रस्ते बर्फाने बुजलेले. बर्फावर धावू शकेल अशी गाडी जर त्या गावात कोणाकडे असेल तर ती याच माणसाकडे. पण ती त्या दिवशी कारखान्यात सुटी करून ठेवलेली होती. पट्टा एकीकडे, इंजिन दुसरीकडे. मूल गेले.

या घटनेवर पुष्कळांनी अश्रू ढाळणारी वर्णने लिहिली आहेत. मी ती वाढवत नाही. बोंबार्दिए स्वतः मितभाषी होता; त्या मुलाविषयी तो काय बोलला असेल ते त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. पुढची तारीख मात्र सर्वांना ठाऊक आहे. १९३५ साली त्याने दात्यांचे एक चाक तयार केले. लाकडाचे, वरून रबर चढवलेले. त्यात रबराचा आणि पोलादी पट्ट्यांचा अखंड साखळीपट्टा अडकत असे आणि बर्फ मध्ये साचून घट्ट न होता पट्टा फिरता राही. सगळा प्रश्न या चाकाशी येऊन अडला होता. २९ जून १९३७ रोजी त्याचे पेटंट मिळाले. सात माणसे बसतील अशी ‘बी ७’ गाडी विक्रीला आली, आणि पुढे बारा माणसांची ‘बी १२’, जहाजासारख्या गोल खिडक्यांची. या गाड्या कोणी घेतल्या? डॉक्टरांनी घेतल्या. टपाल नेणाऱ्यांनी, खाणावळ चालवणाऱ्यांनी घेतल्या. शाळेतली मुले त्यांतून जाऊ लागली, आजारी माणसे इस्पितळात पोचू लागली. शाळामास्तर म्हणून मला त्या शाळेच्या गाडीचे विशेष वाटते. आमच्याकडे ओढ्याला पूर आला की पलीकडच्या वाडीतली बाके रिकामी राहतात.

१९४८ साली क्वेबेकच्या सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवण्याचा कायदा केला आणि मोठ्या बर्फगाड्यांची विक्री एकदम घसरली. लोकांचे भले झाले, कारखाना मात्र अडचणीत आला. बोंबार्दिए दलदलीत चालणाऱ्या ट्रॅक्टरांकडे वळला. पण मनात मूळची कल्पना तशीच होती: एक-दोन माणसांची लहान गाडी. तिच्याजोगे हलके इंजिन तोवर मिळत नव्हते आणि एकसंध रबरी पट्टाही नव्हता. पन्नाशीच्या दशकात दोन्ही मिळाली. पट्ट्याच्या कामात त्याचा मुलगा जेर्मेन याचे साहाय्य झाले. १९५९ साली ‘स्की-डू’ बाहेर पडली. तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते आणि रंगाऱ्याच्या नाहीतर छापणाऱ्याच्या चुकीने ते ‘डू’ झाले, असे सांगतात. एक गाडी त्याने उत्तर ओंटारिओच्या रानात राहणाऱ्या मोरिस विमे या पाद्रीमित्राला नेऊन दिली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. बोंबार्दिएला वाटत होते की ही पाद्री, फासेपारधी, जमीनमोजणीदार यांच्या कामाची वस्तू आहे. लोकांनी ती खेळायला घेतली! तो १८ फेब्रुवारी १९६४ रोजी कॅन्सरने वारला, छप्पन्न वर्षांचा असताना. आपल्या गाडीचे जत्रेतल्या पाळण्यासारखे झालेले रूप त्याने थोडेसेच पाहिले. आणि स्कॉटच्या मोटारी जेथे हरल्या त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उत्तर ध्रुवावर, १९ एप्रिल १९६८ रोजी राल्फ प्लेस्टेड हा विमाविक्रेता तीन सोबत्यांसह याच गाड्यांवर बसून पोचला. त्या तिघांत एक बोंबार्दिएचा पुतण्या होता.

इकडे मिनेसोटातल्या रोझो गावी १९५५-५६ च्या हिवाळ्यात शेतीची अवजारे करणाऱ्या एका लहान कारखान्यात, मालक एडगर हेटीन बाहेरगावी गेलेला पाहून डेव्हिड जॉन्सन आणि मंडळींनी आपली बर्फगाडी जुळवली. धान्य वर चढवण्याच्या यंत्राची साखळी पट्ट्यासाठी, शेव्हरोले मोटारीचा बंपर स्कीसाठी, आणि इंजिन मागच्या बाजूला. मालक परत आला तो संतापला. पण कामगारांचे पगार द्यायला पैसे हवे होते, आणि गावातल्या एका लाकडाच्या वखारवाल्याने ४६५ डॉलर देऊन ती गाडी नेली. पोलॅरिस कंपनीचा आरंभ तो हा. १९६० साली हाच हेटीन अलास्कात हजार मैलांहून अधिक अंतर असल्या गाड्यांवर तोडून आला.

यानंतर जे झाले त्याला लाट म्हणावे की साथ म्हणावे? १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत शंभरावर कारखाने बर्फगाड्या करीत होते. १९७१ साली सुमारे पाच लाख गाड्या विकल्या गेल्या. मग हिमाचे कमी पडलेले हिवाळे आले, १९७३ ची तेलटंचाई आली, आणि कारखाने पटापट बुडाले. आता उरलेले कारखाने एका हाताच्या बोटांवर मोजावेत. पण कारखाना बुडाला म्हणून गाडी थोडीच मरते? ती अंगणात, गोठ्यात, खोपटात उभी असते. तिचे इंजिन चालते, पट्टा फिरतो. फुटते ते बॉनेट. फायबरग्लासचे ते कवच थंडीने कडक होते, झाडाच्या फांदीवर आपटले की तडकते. ज्या कंपनीची पाटीसुद्धा आता कोठे लटकत नाही, तिच्या गाडीला नवे बॉनेट कोण देणार? येथे पुन्हा एलियासनचा काळ सुरू होतो: गॅरेज, पत्रा, कात्री आणि डोके.

आता बॉनेटकडे वळू. बर्फगाडीच्या इंजिनाला बॉनेट हवे, कारण समोरून उडणारे हिम थेट तापलेल्या भागांवर, विजेच्या तारांवर आणि हवा आत घेणाऱ्या तोंडावर बसता कामा नये. पण बॉनेट घट्ट बसवले की आतली उष्णता आतच कोंडते. जुन्या गाड्यांत इंजिनाला वारा घालायला एक पंखा असतो. कोंडलेल्या खोलीत पंखा लावून काय होते ते आपण मे महिन्यात दरवर्षी अनुभवतो: तीच गरम हवा फिरत राहते. शिवाय इंजिन श्वास घेते तोही त्याच हवेतला. शून्याखाली २० अंशांवरची हवा आणि बॉनेटखाली ४० अंशांवर गेलेली हवा, यांत तेवढ्याच जागेत सुमारे पाचव्या हिश्शाने प्राणवायू कमी भरतो. म्हणजे इंजिनाची शक्ती घटते, आणि कारण शोधत मालक भलतेच स्क्रू पिळत बसतो. तिसरी गोष्ट पट्ट्याची. इंजिनाची गती मागच्या पट्ट्याला पोचते ती दोन कप्प्यांवरून फिरणाऱ्या एका जाड रबरी वादीने. ती घासते, तापते, आणि बॉनेटखाली वारा नसेल तर मैलोन्‌मैल निर्जन रानात तुटते. त्या रानात, संध्याकाळी, शून्याखालच्या थंडीत वादी तुटणे म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून जाणते लोक एक वादी बरोबर बाळगतात. नव्या गाड्यांत इंजिनाभोवती पाणी खेळते, आणि ते थंड होते मागच्या पट्ट्याने उडवलेल्या हिमावर; नुसत्या कडक बर्फाच्या पात्यावरून गेले, हिम उडेना, की या गाड्याही तापतात.

म्हणजे वारा आत-बाहेर खेळला पाहिजे आणि हिम आत येता कामा नये. आपल्या आजीने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. स्वयंपाकघरात जाळीचे कपाट असे ना? दुधाला वारा लागावा म्हणून जाळी, आणि मांजर व माश्या दूर राहाव्यात म्हणूनही तीच जाळी. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणीतल्या दिव्याभोवती तारेची बारीक जाळी गुंडाळली: हवा आत जावी, ज्वाला बाहेर येऊ नये. सातवी-आठवीच्या मुलांना हा दिवा शिकवताना मी नेहमी त्या कपाटाचाच दाखला देतो, आणि हल्ली ते कपाट कोणी पाहिलेले नसल्यामुळे उलट कपाटच समजावून सांगावे लागते.

परंतु हिम हे मांजराहून लबाड आहे. जाळीची भोके मोठी ठेवली तर भुकटीसारखे हिम सरळ आत शिरते. फार बारीक ठेवली तर त्यावर पडलेले हिम आतल्या उष्णतेने वितळते, भोकाभोकांत पाण्याचा पडदा धरतो, गाडी थोडी निवली की तो गोठतो, आणि जाळीचा पत्रा होऊन बसतो. मैद्याची चाळण चालत नाही आणि पोह्याचीही चालत नाही. रव्याच्या चाळणीच्या आसपास कोठेतरी माप सापडते. पुष्कळ जण दुहेरी करतात: वरून धातूची जाड जाळी आणि आतून पाणी न धरणाऱ्या धाग्याचे जाळीदार कापड. मात्र धूर नेणाऱ्या नळीच्या डोक्यावर कापड नको. ती नळी इतकी तापते की कापड वितळून तिलाच चिकटेल, आणि जवळून पेट्रोलची नळी जात असेल तर पुढचा अनर्थ सांगायला नकोच.

जाळी कोठे बसवायची हे ठरवणे कापण्याहून अवघड. वाटते की काचेच्या अगदी पुढे, बॉनेटच्या माथ्यावर भोक पाडले की गरम हवा वर निघून जाईल. पण धावत्या गाडीत समोरचा वारा काचेच्या पायथ्याशी अडून दाटतो आणि तेथल्या भोकातून हवा बाहेर येण्याऐवजी आत घुसते, हिमासकट. जाणकार मंडळी बॉनेटवर लोकरीचे वीत-वीतभर धागे चिकटवतात, दुसऱ्या गाडीवर कोणाला तरी बसवून ते धागे कोणत्या दिशेला ओढले जातात, कोठे वळवळतात, कोठे बाहेर उभे राहतात ते पाहायला लावतात. जेथे धागा बाहेर खेचला जातो तेथे वाट पाडायची. बहुधा ती जागा बाजूच्या फुगीर भागावर सापडते.

संपूर्ण बॉनेटच जाळीचे करायचे असेल तर जुन्याचे तुकडे दोरीने बांधून त्यावर पुठ्ठा धरतात आणि नमुना कापून घेतात. मग लोखंडी सळई वाकवून सांगाडा. यात घाई करणाऱ्याचे बॉनेट नेहमी एका अंगाला तिरके बसते. सांगाड्यावर जाळी ताणायची, कडा दुमडून पत्र्याच्या पट्टीखाली घ्यायच्या, कारण जाळीची उघडी तार हातमोजे फाडते आणि बोटेही. गिरमिटाने भोके पाडून रिव्हेट ठोकायचे, कानस फिरवायची. जुन्या गाडीत दिवा बॉनेटलाच बसवलेला असतो, हे पुष्कळांना जाळी ताणून झाल्यावर आठवते. त्याला निराळा आडवा पत्रा द्यावा लागतो, आणि तारा धक्क्याने तुटणार नाहीत इतक्या सैल ठेवाव्या लागतात. वादीच्या वर आणि इंजिनाच्या श्वासाच्या तोंडावर जाळी ठेवायची नाही, तेथे बंद पत्राच. ओली वादी घसरते. एवढे करून गाडी पूर्वीपेक्षा मोठ्याने आरडाओरडा करते हेही कबूल केले पाहिजे. मूळ बॉनेटला आतून आवाज शोषणारा स्पंज असतो, जाळीला तो कोठून? शेजारी कुरकुरतात.

काश्मीरला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींनी गुलमर्गच्या उतारावर भाड्याच्या बर्फगाडीवर एखादा फेरफटका मारलेला असतो, फोटोही काढलेला असतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली ती गोव्याहून, आणि आजही त्या मोहिमांचा कारभार पाहणारी संस्था वास्कोलाच आहे. तेव्हा पट्ट्यावर चालणारी यंत्रे आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाहीत. फोटोत मात्र माणसांचे चेहरे येतात; बॉनेटच्या कडेच्या फटी आणि जाळ्या कोणी पाहत नाही.

तिकडचा तो घरगुती कारागीर पहिली फेरी मारून येतो तेव्हा आधी चेहरा पुसत नाही. मोजा काढून तो हात वादीच्या झाकणावर ठेवतो. हात ठेववला तर ठीक, नाही ठेववला तर उद्या आणखी एक वाट कापायची. मग एक काळजी राहते ती रात्रीची. चालती गाडी आतल्या उष्णतेने जाळीवरचे हिम झटकते, पण उभ्या गाडीवर रात्रभर हिम पडले तर ते जाळीतून आत उतरून इंजिनाभोवती गोठून बसते. म्हणून झोपण्यापूर्वी त्या नव्या बॉनेटवर एखादे जुने घोंगडे टाकतात आणि चार कोपऱ्यांना लाकडे ठेवतात. सकाळी आधी घोंगडे झटकायचे, मग इंजिनाची दोरी ओढायची.